गार्डसाहेबांची शांती

एक जानेवारीच्या सकाळी कुडकुडत तुम्ही दार उघडलंत आणि समोरच्या माणसानं हात जोडून गंभीर आवाजात 'आपको शांति मिले' म्हटलं, तर तुम्हांला कसं वाटेल? आमच्या समोरच्या पंडिताइन अम्मांना जे वाटायचं ते त्या तिथल्या तिथं बोलून दाखवायच्या. "अरे ठठरी के बंधे, तोखों मिले शांति!" ठठरी म्हणजे तिरडी. बुंदेलखंडात ही शिवी लोक लाडानंही देतात, पण अम्मा लाडानं देत नसत. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला वर्षाच्या पहिल्याच दिवशी कोणी शांती द्यायला आलं, तर ती काय ओवाळणार आहे त्याला?

आणि ओवाळणी मिळो की शिवी, आमचे घरमालक पुढच्या दाराकडं वळायचे आणि तितक्याच गंभीरपणे तिथली कडी वाजवायचे.

घरमालक म्हणजे रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. हल्ली गार्डला म्हणे ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्यांच्यासमोर कोणी तसं म्हटलं की ते भडकायचे. "मॅनेजर? का? मी शेवटच्या डब्यात हॉटेल चालवत होतो?" आमचा सगळा मोहल्ला, सगळं प्रेमनगर त्यांना गार्डसाहेब म्हणायचं, मी अंकल म्हणायचे. मूळचे वसईकडचे, मराठी कॅथलिक. नोकरीनं झाशीला आले, बिहारमधल्या बेतियाकडच्या एका नर्सशी, म्हणजे आंटींशी, लग्न केलं, दुमजली घर बांधलं आणि इथलेच झाले. वरच्या मजल्यावर भाडेकरू मात्र मराठीच हवा, ही त्यांची एकमेव अट. कारण आंटींशी हिंदीत भांडून त्यांचं पोट भरत नसे.

तो भाडेकरू म्हणजे आम्ही. बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. कितीतरी वर्षं दोघांनी एकाच गाडीवर ड्यूटी केली होती, बाबा पुढं इंजिनात आणि अंकल पार मागं गार्डाच्या डब्यात. मधे मालाच्या अठ्ठावन्न वाघिणी. आई म्हणायची, ह्यांची मैत्री टिकली ती त्या अठ्ठावन्न वाघिणींमुळं. ते काही खोटं नाही, कारण आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो आणि दोघांमधलं अंतर पंधरा पायऱ्यांवर आलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी वाद. कोणत्या स्टेशनात कोणता सिग्नल उशिरा मिळाला होता, ह्यावर. स्टेशन कधीचं पाडून नवं बांधलेलं असायचं. बाबा "गार्डसाहेब, तुमचं चुकतंय" म्हणायचे, अंकल "ड्रायव्हर, तुला काय दिसणार, तू पुढं होतास" म्हणायचे. हे कुठलं तर्कशास्त्र, ते मला अजून कळलेलं नाही.

आता शांतीचं सांगते. कॅथलिक लोक एक जानेवारी हा शांतीसाठी प्रार्थना करायचा आणि शांतीसाठी काम करायचा दिवस म्हणून पाळतात. सकाळी चर्चमध्ये मिस्सा होते, म्हणजे त्यांची मोठी प्रार्थना. फादर प्रवचनात जगातल्या लढायांबद्दल बोलतात, आणि मिस्सा चालू असताना लोक शेजारच्याकडं वळून एकमेकांना शांती देतात. बाकीचे लोक ती तिथंच देऊन केक खायला घरी जात. अंकल ती प्रेमनगरात घरपोच करत. आणि मग दुपारी 'कामाला' लागत.

ह्या कामाबद्दल त्यांचं ठाम मत होतं. "पोरी, प्रार्थना म्हणजे हिरवा झेंडा. झेंडा दाखवून गाडी जाते का? कोणीतरी ब्रेक सोडायला पाहिजे. फादर झेंडा दाखवतात, ब्रेक आपण सोडायचा." म्हणून दर वर्षी ते मोहल्ल्यातलं एक भांडण निवडायचे आणि एक जानेवारीला ते मिटवायचे. मिटवायचे म्हणजे काय, तर भांडणाऱ्यांना जीव नकोसा करायचे.

एका वर्षी मिश्राजी आणि साहूजी निवडले गेले. दोघं शेजारी. नळाला पाणी आलं की मिश्राजी मोटर लावायचे, साहूजींकडं थेंब येत नसे, मग साहूजी मिश्राजींच्या सात पिढ्यांना आंघोळ घालायचे, पाण्याशिवायच. अंकलनी सकाळी सात वाजता दोघांना चहाला बोलावलं, बैठकीत बसवलं, मधे बिस्किटांची बशी ठेवली आणि म्हणाले, "शांति हो जाए तो आवाज़ दे देना." बाहेरून कुलूप लावलं. किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि मिस्साला निघून गेले. आंटी त्यांच्याही आधी कॉयरच्या, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांबरोबर गेलेल्या. मिस्सानंतर चर्चमध्ये जेवण होतं. अंकल जेवले. मग फादरना भेटले. मग कोणीतरी जुना गार्ड भेटला, त्याच्याशी सिग्नलवर वाद झाला. परत आले तेव्हा एक वाजून गेला होता.

आम्ही वर होतो, सहा तास खालच्या हाका ऐकत होतो, पण किल्लीच नव्हती तर करणार काय? मी खिडकीच्या गजांतून दोघांना पोहे दिले. कुलूप उघडलं तेव्हा मिश्राजी आणि साहूजी हातात हात घालून बाहेर पडले, तसेच हातात हात घालून पोलीस चौकीत गेले आणि दोघांनी मिळून गार्डसाहेबांविरुद्ध तक्रार दिली. हवालदार घरी आला. अंकलना काही वाटलं नाही. उलट छाती काढून त्याला विचारलं, "दोनों साथ में आए थे ना? एक ही रिक्शे से? तो फिर!" ते दोघं आजही एकमेकांकडं जेवायला जातात. अंकलशी मात्र बोलत नाहीत.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, ह्या माणसावर फार खूश. आजी झाशीत पंचवीस वर्षं राहिली आणि हिंदीचे चारच शब्द शिकली, त्यांतले दोन भाजीवाल्याला हाकलायचे. बाबा ड्यूटीवर, आई शाळेत शिकवायला, मी कॉलेजात. दुपारभर तिच्याशी मराठीत बोलणारं माणूस एकच, खालचे अंकल. जवळच्या बरुआसागरचं ताजं आलं घेऊन ते वर यायचे, स्वतः चहा करायचे आणि दोघं गप्पा मारत बसायचे. आजी त्यांना 'गार्डा' म्हणायची. कित्येक वर्षं तिला वाटत होतं, मिस्सा म्हणजे मिस्सी रोटीचं जेवण आणि हा माणूस दर रविवारी तिकडं बेसनाच्या पोळ्या खायला जातो. "गार्डा, दर रविवारी बेसन बरं नव्हे रे, वात धरेल," असं ती काळजीनं सांगायची. त्यांनीही तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. "नाही आजी, ओवा घालतात," म्हणायचे.

शेवटचे पाच-सहा महिने आजी अंथरुणालाच होती. त्या एक जानेवारीला अंकल मिस्साहून आले ते आधी तिच्याकडं गेले. अर्धा तास दार लोटलेलं होतं. मी चहा घेऊन आत शिरले तेव्हा ते तिचा हात धरून उभे होते आणि म्हणत होते, "आजी, तुम्हांला शांती मिळो." मला इतकं हसू आलं की चहा बशीत सांडला. म्हटलं, झालं, आता आजीपण ठठरी काढणार! पण आजीनं डोळे मिटून घेतले.

चौथ्या दिवशी आजी गेली.

आणि मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती मी, तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना हा किस्सा सांगत बसले. हसतच सांगितला, खोटं कशाला बोलू. दुःखातही माणूस काहीतरी हसायला शोधतो. बाबा मागं उभे आहेत हे मला दिसलं नाही. ते तसेच जिना उतरून खाली गेले आणि दारातूनच म्हणाले, "गार्डसाहेब, तुमच्या शांतीनं माझी आई नेली."

अंकलनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. "आमची शांती म्हणजे तुमची तिरडी नव्हे," एवढंच म्हणाले. दार लावून घेतलं.

झालं. तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकच जिना, एकच नळ, एकच फाटक, आणि अबोला. बाबा घर सोडायलाही तयार नव्हते. "घर सोडलं तर त्याला वाटेल मी हरलो." अंकल भाडेकरू काढायला तयार नव्हते. "काढला तर लोक म्हणतील, शांतीवाल्यानं भांडून काढला." मधे मी. "पोरी, तुझ्या बाबांना सांग, टाकी भरली, मोटर बंद करा." बाबा चार फुटांवर उभे. "त्यांना सांग, मला ऐकू येतं." "तुझ्या बाबांना सांग, ऐकू येतं तर बंद का नाही केली?" मी दोघांकडं बघत उभी, आणि टाकीचं पाणी माझ्या डोक्यावर.

एक जानेवारीचं काम मात्र चालूच होतं. त्या तीन वर्षांत अंकलनी सासू-सून मिटवल्या, दोन सख्खे भाऊ मिटवले, मधे वेळ मिळाला तेव्हा एक दूधवाला आणि त्याची स्वतःचीच म्हैस ह्यांच्यातही पडले. आई म्हणायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. आग माझ्याच तोंडानं लागलेली. ती विझवायला किती वेळा गेले असेन! बाबांना म्हणायचे, त्यांच्यात तसंच म्हणतात हो, वाईट नव्हतं मनात. बाबा पेपर उघडायचे. अंकलना म्हणायचे, एकदा सॉरी म्हणा ना. ते म्हणायचे, "शांती दिली म्हणून सॉरी? उद्या फादरना काय तोंड दाखवू?" पण बाबा ड्यूटी संपवून येताना फाटक वाजलं की खालच्या खिडकीचा पडदा हलायचा, हे मी रोज बघायचे. बाबाही जिन्यात उगीच दोन मिनिटं बुटांची लेस सोडत बसायचे. बाबांच्या बुटांना लेस नव्हती.

मग बाबांची रिटायरमेंट जवळ आली. जानेवारीच्या शेवटी रिटायर, सामान बांधायचं आणि पुण्याला जायचं, असं ठरलं. मला एकच घोर लागला, हे दोघं असेच एकमेकांकडं पाठ फिरवून वेगळे होणार.

त्यात नाताळच्या आधी अंकल फाटकावर कागदी तारा लावताना स्टुलावरून पडले आणि डावा पाय प्लास्टरमध्ये गेला. एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी आंटी वर आल्या. "भैया, कल सुबह इन्हें मिस्सा में जाना है। मैं तो कॉयर वालों के साथ पहले निकल जाऊँगी। कोहरे में ऑटो मिलेगा नहीं। कह रहे हैं, पैदल जाऊँगा।" प्लास्टर घालून पायी! बाबा आंटींना कधी नाही म्हणत नसत. "आपके लिए छोड़ दूँगा, भाभीजी," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, "तू चल बरोबर. बोलायला कोणीतरी लागेल."

झाशीचं जानेवारीतलं धुकं ज्यानं बघितलं नाही त्याला काय सांगायचं! स्वतःचा हात पुढं केला तर पाहुण्याचा वाटतो. बाबा आमच्या कारच्या स्टिअरिंगवर, मी त्यांच्या शेजारी, मागच्या सीटवर अंकल आडवे, प्लास्टरचा पाय लांब करून. गाडी बैलगाडीच्या वेगानं चाललेली.

"पोरी, तुझ्या बाबांना सांग, पुढं गाय आहे."

"बाबा, गाय."

"त्यांना सांग, मला दिसते आहे."

"पोरी, सांग त्यांना, दिसते आहे तर हॉर्न द्या."

"त्यांना सांग, गाईला हॉर्न देत नाहीत."

गाय आपणहून गेली. मी मान वळवून वळवून दमले होते. चर्चचं वळण जवळ आलं असावं, कारण अंकल एकदम उठून बसले. "पोरी, सांग त्यांना, डावीकडं नाला उघडा आहे!"

"बाबा, डावीकडं..." एवढं मी म्हटलं आणि मला शिंक आली.

शिंकेच्या गोंधळात बाबांच्या डोक्यात 'डावीकडं' एवढंच राहिलं, आणि त्यांनी गाडी डावीकडं घेतली.

धप्प! पुढचं चाक नाल्यात, आम्ही तिघं तिरके, आणि काचेबाहेर नुसतं पांढरं. कोणाला लागलं नव्हतं. मग मागून असा आवाज आला की धुकंही दचकलं असेल.

"डोळे आहेत का भोकं आहेत? नाला म्हणालो, नाला!"

"तुम्ही डावीकडं म्हणालात!" बाबा मागं वळून ओरडले. थेट त्यांच्याकडं बघून. मी मधून डोकं काढून घेतलं.

"डावीकडं *नाला* म्हणालो! तीस वर्षं इंजिन हाकलंस आणि..."

"तीस वर्षं मागं बसून तुम्ही हेच केलंत! अर्धवट सिग्नल द्यायचा आणि दोष ड्रायव्हरला! माझ्या आईला सुद्धा वर्षाच्या पहिल्या दिवशी..."

"तिनं मागितली होती म्हणून दिली!"

बाबा थांबले. अंकलही थांबले. बोलून चुकलो, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"काय मागितली?" बाबांनी विचारलं.

अंकलनी टोपी काढली, परत घातली. "माझं मनगट धरलं तिनं," शेवटी म्हणाले. "म्हणाली, गार्डा, आता पुरे झालं रे. पाठीला जखमा झाल्यात, अंगाला हात लावू देववत नाही. तुझ्या त्या मिस्स्यात माझ्या नावानं शांती माग. मी म्हटलं, आजी, ड्रायव्हरला सांगू का? तर म्हणाली, त्याला बोलू नकोस. तो आणखी एक डॉक्टर आणेल."

बाबांनी दार उघडलं. ते खाली उतरले आणि नाल्याच्या काठावर बसले. त्यांचे खांदे हलत होते. आजी गेली तेव्हा ते रडले नव्हते, त्यांना माणसं जमवायची होती, सामान आणायचं होतं. मीही रडत होते. त्या सकाळी मी बशीत चहा सांडून हसले होते आणि माझी आजी तिथं मरण मागत पडली होती, हे मला सहन होईना. अर्धं वाक्य ऐकून मी तेराव्याला तेवढंच लोकांना वाटून टाकलं होतं.

अंकल एका पायावर उड्या मारत, गाडीला धरत धरत उतरले. मी हात द्यायला गेले तर झटकला. बाबांच्या शेजारी काठावर टेकले, प्लास्टरचा पाय रस्त्यात लांब.

"तीन वर्षं सांगितलं का नाहीत?" बाबांनी विचारलं.

"सांगू नको म्हणाली होती."

"आणि आज?"

"आज तू नाल्यात घातलंस. माणूस किती गिळेल?"

बाबा रडता रडता हसले. हसताना त्यांना ठसका लागला, अंकलनी त्यांच्या पाठीवर दोन-चार थापा मारल्या, जरा जास्तच जोरात मारल्या. कुठंतरी जवळच चर्चची घंटा वाजत होती, पण कोणत्या बाजूला ते कळत नव्हतं.

"तुमची मिस्सा सुरू झाली," बाबा म्हणाले. "चला, मी खांद्याचा आधार देतो."

अंकल हलले नाहीत. चाळीस वर्षांत एक जानेवारीची मिस्सा न चुकवलेला माणूस! "अजून एक म्हणाली होती ती," ते म्हणाले. "म्हणाली, मी गेल्यावर ह्याच्याशी रोज थोडं बोलत जा. हा सगळं आत ठेवतो, ह्याला कोणी नाही." त्यांनी टोपी परत काढली. "शांती मागितली मी तिच्या नावानं, त्याच दिवशी परत चर्चमध्ये जाऊन. हे दुसरं केलं नाही. सगळ्या मोहल्ल्याचं करत फिरलो रे, ड्रायव्हर, आणि म्हातारीनं सांगितलेलं एवढं एक केलं नाही."

बाबांनी बाहीनं डोळे पुसले. मग त्यांनी माझ्याकडं वळून सांगितलं, "जा, चार माणसं बघ गाडी काढायला. सावकाश ये, घाई नाही."

मी निघाले. मागून बाबांचा आवाज आला. "हं, बोला गार्डसाहेब. महिना आहे आपल्याकडं."